सोलापूरचं जुनं दगडी घर, पुण्या-मुंबईत बसून दुरुस्त करायचं तर

लांब राहून घराचं काम काढायचं म्हटलं की पहिली धास्ती पैशाची असते. मेस्त्री उचल घेऊन गायब होईल, सिमेंटची पोती परस्पर विकली जातील. असं होतंही, पण त्यातून माणूस सावरतो. दगडी घराचं खरं नुकसान होतं ते नजरेआड झाकल्या गेलेल्या कामाने. कुजलेल्या तुळईवर नवी माती पडते, पोकळ भिंतीवर गुळगुळीत गिलावा चढतो, गळका पाइप फरशीखाली जातो. फोटोत सगळं झकास दिसतं आणि तीन पावसाळ्यांनी घर बोलायला लागतं. म्हणून पुढचं सगळं नियोजन एकाच प्रश्नाभोवती आहे: काय झाकलं जाणार, आणि झाकण्याआधी ते कोण बघणार? त्यासाठी कामात चार थांबे ठेवायचे, म्हणजे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही अशा चार जागा.

हा लेख उत्तर-दक्षिण कसबा, बाळीवेस, साखर पेठ, शुक्रवार पेठ अशा जुन्या वस्तीतल्या आणि अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याकडच्या गावठाणांतल्या घरांसाठी आहे. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फुटी भिंती, बांधकाम मातीतलं, वर माळवद म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत, मध्ये चौक, पुढे ढाळज किंवा ओसरी. चुन्यातला घडीव दगडाचा मोठा वाडा असेल तर भिंतींचं गणित थोडं सोपं होतं, बाकी सगळं तेच.

आधी कागद आणि भावकी

शहरात मालमत्ता पत्रक काढा. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ मिळतो, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर तिथलंही मालमत्ता पत्रक मिळतं. आजोबांच्या नावावरच घर असेल तर आधी वारस नोंद करून घ्या आणि सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र सही करून हातात ठेवा. निम्मं माळवद उकलल्यावर नागपूरच्या चुलत्यांचा फोन आला तर काम उघड्यावर थांबतं, आणि उघडं माळवद कुणाची वाट बघत नाही.

कसब्यात आणखी एक भानगड असते. दोन घरांत भिंत एकच, आणि शेजाऱ्याच्या तुळया तुमच्या भिंतीत घुसलेल्या. कुठल्याही भिंतीला हात लावण्याआधी पलीकडून तिच्यावर काय टेकलंय ते शेजाऱ्याच्या घरात जाऊन बघा. हे फोनवर होत नाही. जाताना पेढे न्या, पुढचे सहा महिने धूळ त्यांच्याच घरात जाणार आहे.

गिलावा, रंग, फरशी अशी डागडुजी एक आणि भिंत पाडणं, मजला चढवणं, चौकावर स्लॅब टाकणं दुसरं. दुसऱ्या प्रकाराला महापालिकेची परवानगी लागते. आपलं काम कशात मोडतं ते परवानाधारक आर्किटेक्टकडून लेखी घ्या. घर भुईकोट किल्ल्याच्या आसपास असेल तर सावध. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आहे, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, आणि तिथे असलेल्या घराच्या दुरुस्तीलाही पुरातत्त्वाची वेगळी परवानगी लागते. ती मिळायला वेळ जातो, म्हणून पहिला अर्ज हाच.

घर वाचून काढा

काम सुरू करण्याआधीची एक भेट फक्त बघण्यासाठी ठेवा. मेस्त्रीला त्या वेळी बोलावूच नका. तो आला की 'हे पाडू, ते बदलू' सुरू होतं आणि तुमचं बघणं राहून जातं.

प्रत्येक भिंतीला, खांबाला, तुळईला क्रमांक द्या आणि तो ऑइल पेंटने तिथेच लिहा. भ १, भ २. तु १, तु २. हे करायला तासभर लागतो आणि पुढची निम्मी भांडणं वाचतात. 'आतल्या खोलीची मागची भिंत' म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे एक भिंत येते, मेस्त्रीच्या दुसरीच, आणि फोनवर दोघं 'हो हो' म्हणत राहतात. मग कागदावर घराचा हातानेच नकाशा काढा, हेच क्रमांक टाका, एक प्रत घरात भिंतीला चिकटवा.

भेगा बघा. काळ्या मातीवर बसलेल्या घराला भेगा पडतातच. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. प्रश्न एवढाच की भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून वाढतेय. भेगेवर आडवी, दोन्ही बाजूंना घट्ट चिकटेल अशी काचेची पातळ पट्टी सिमेंटने बसवा आणि शेजारी तारीख लिहा. भेग हलली की काच तडकते. शेजारच्या पोराला महिन्यातून एकदा फोटो पाठवायला सांगा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पट्टी शाबूत राहिली तर भेग भरून मोकळे व्हा. तडकली तर आधी पाया आणि पाणी, मग बाकीचं.

भिंतीचं पोट सुटलंय का ते बघायला ओळंबा लावा. वरून सोडलेल्या दोरीपासून भिंतीचं अंतर दर दोन फुटांवर मोजून लिहा. नंतर हातोडीने हलकेच ठोकत चला. भरीव भिंत खणखणीत बोलते, पोकळ जागी आवाज बद्द येतो. बद्द जागांवर खडूने गोल करा, फोटो काढा. ही नोंद हाताशी असेल तर इंजिनिअरशी बोलणं दहा मिनिटांत होतं, नाहीतर तो नुसती मान हलवतो.

माणसं: कोण कशाला

तुम्हाला दोन वेगळी माणसं हवीत: काम करणारा आणि बघणारा. ही दोन्ही कामं एकाच्या गळ्यात घालू नका, आणि बघणारा शक्यतो नात्यातला नको. मेहुण्याने गवंड्याला टोकलं नाही तर तुम्ही मेहुण्याला काय बोलणार? पैसे देऊन माणूस ठेवला की विचारता येतं. सार्वजनिक बांधकाम खात्यातून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला ओव्हरसियर मिळाला तर सोनं. त्याला मातीतलं बांधकाम आणि चुना दोन्ही माहीत असतात, आणि गवंडीही त्याला जरा वचकून असतात. नाहीतर इथल्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून किंवा शासकीय तंत्रनिकेतनातून नुकताच बाहेर पडलेला सिव्हिलवाला घ्या. त्याला जुनं बांधकाम कळत नसतं, पण तो शिकतो, आणि सांगितलेला फोटो सांगितलेल्या जागेवरून काढतो. त्याला महिन्याचा पगार न देता भेटीचे पैसे द्या: भेट झाली, फोटो आले, पैसे गेले.

भाषेचंही बघा. सोलापुरातले किती तरी चांगले गवंडी घरी कन्नड, तेलुगू किंवा दखनी बोलतात. मराठी सगळ्यांनाच येतं, पण आपसातली खरी चर्चा घरच्या भाषेत होते. बघणाऱ्याला त्यातली एखादी येत असेल तर 'आत काय निघालं' हे त्याला तुमच्या आधी कळतं.

दगडकामाचा गवंडी आणि विटा-प्लास्टरचा गवंडी ही वेगळी माणसं आहेत. जुळे सोलापूरच्या नव्या भागात बंगले बांधणारा उत्तम मेस्त्री तुमच्या भिंतीसमोर उभा राहून म्हणतो, "हे काय राहणार हाय होय? पाडून टाकू की, आठ दिवसात विटात उचलतो." तो खोटं बोलत नसतो, त्याला जे येतं ते सांगतो. दगडात हात असलेला माणूस शोधायचा तर मंदिराचं, विहिरीचं, जुन्या वाड्याचं काम चालू असेल तिथे जाऊन विचारा. वडार वस्तीतले पन्नाशी-साठीचे कारागीर अजून दगड हातात घेऊन त्याचं बसकं अंग, म्हणजे कुठली बाजू खाली बसवायची ते, ओळखतात. असा एक अण्णा किंवा मामा मिळाला की बाकीची टोळी तोच जमवतो. निवडताना त्याला भाव विचारू नका. एक पडका कोपरा दाखवा आणि "याला काय कराल?" एवढंच विचारा. जो आधी धिरे, म्हणजे आधाराचे खांब, लावायचं बोलतो, तो तुमचा माणूस.

भिंती आणि छताचा निर्णय मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच. त्याची फी एकूण खर्चात किरकोळ असते. तिथे घासाघीस नको.

गुत्ता की रोज

आपल्याकडे सगळं काम गुत्त्याने द्यायची सवय आहे: एवढे चौरस फूट, एवढे पैसे, विषय संपला. जे काम शेवटी दिसतं आणि मोजता येतं ते खुशाल गुत्त्याने द्या: फरशी, रंग, दारं-खिडक्या, कंपाउंड. भिंतीच्या पोटातलं आणि माळवदाचं काम रोजाने करा. गुत्त्यात घाई हाच नफा असतो, आणि घाईने केलेलं दगडकाम बाहेरून हुबेहूब चांगल्यासारखं दिसतं. नवी दगडी भिंत घालायचीच असेल तर भाव ब्रासवर ठरतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी, उंची आणि जाडी फुटांत गुणून १०० ने भागा. दारं-खिडक्या वजा धरायच्या की नाही हे आधीच ठरवा, वाद नेहमी तिथेच होतो.

मजुरी दर आठवड्याला हजेरीप्रमाणे द्या, ठरल्या दिवशी, न चुकता. बिगाऱ्याच्या घरचा बाजार त्यावर असतो आणि लांबच्या मालकाची पत त्यावरच ठरते. उचल एका आठवड्याच्या मजुरीपलीकडे नको. साहित्याचे पैसे मेस्त्रीच्या हाती न देता दुकानाला परस्पर पाठवा आणि पावतीचा व गाडीतून उतरलेल्या मालाचा, असे दोन फोटो मागा. मेस्त्रीचं दुकानाकडून काही सुटत असतं हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यात फार वावगं वाटत नाही, फक्त माल ठरलेला आला पाहिजे. गुत्त्याच्या कामातले दहा टक्के पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचे, आणि हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहायचं.

वेळापत्रक पावसाचं आणि लोकांचं

सोलापूरचा पाऊस कमी, पण लबाड. जून-जुलै कोरडे जातात आणि सप्टेंबरात धो-धो येतो. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही झोडपतो. त्यामुळे दसऱ्याला मुहूर्त करा हवं तर, माळवद मात्र दिवाळीनंतरच उकला. नोव्हेंबरात छत, डिसेंबर-जानेवारीत भिंती, फेब्रुवारीअखेर चुन्याचा गिलावा, असा क्रम बसवा. मार्चनंतर चुन्याला हात लावू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि चुना धरण्याआधीच वाळून भुसा होतो. फरशी, वायरिंग, रंग उन्हाळ्यात चालतात.

आता लोकांचं कॅलेंडर. बरेच गवंडी आणि सेंट्रिंगवाले अमावस्येला काम लावत नाहीत. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला तर अख्खा जिल्हा शेतात जेवायला असतो. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या दिवसांत शहराच्या जुन्या भागात वाळूची गाडीसुद्धा आत येत नाही. दिवाळीनंतर गावाकडचे बिगारी ऊसतोडीला जातात. मोठं उचलणं-वाहणं, म्हणजे माती उतरवणं आणि दगड हलवणं, कोणत्या आठवड्यात करायचं हे याच्याशी जुळवून ठरवा. 'लोक आले नाहीत' हे ऐकून फोनवर चिडण्यापेक्षा पंचांग जवळ ठेवलेलं बरं.

पाणी हा वेगळाच विषय. नळाला रोज पाणी येत नाही हे इथे नव्याने सांगायला नको. कामाआधी दोन-तीन हजार लिटरची टाकी बसवा. ती नंतर घरालाही लागणार आहे. बोअरचं पाणी चव घेऊन बघा. खारट असेल तर चुन्यात आणि गिलाव्यात ते वापरू नका, भिंतीवर पांढरा खार फुटत राहील.

पहिला थांबा: माळवद

माळवदाचा सगळा घोळ वजनाचा आहे. दरवर्षी पावसाआधी पांढऱ्या मातीची एकेक पाटी वर जाते, खाली कधी काही येत नाही. पिढ्यान् पिढ्या हे चालतं. फुटभर जाडीच्या कोरड्या मातीचं वजन चौरस फुटाला साधारण ४५ किलो भरतं. बारा बाय वीसच्या खोलीवर म्हणजे दहा टनांच्या पुढे, आणि भिजली की आणखी. थर दोन फुटांचा झाला असेल तर दुप्पट. हे सगळं आजोबांच्या काळच्या सहा-सात तुळयांवर.

म्हणून उकलण्याआधी धिरे. प्रत्येक तुळईखाली, दोन्ही टोकांपासून थोडं आत, खाली फळी टाकून. धिरे लागल्याचे फोटो, तुळईच्या क्रमांकासह, आल्याशिवाय वर फावडं जाऊ द्यायचं नाही. माती पातळ थरांत, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची. माणसाची सवय अशी की माती ओढून एका कोपऱ्यात ढीग घालायचा आणि मग पाट्या भरायच्या. त्या ढिगाखाली तुळई मोडते. बघणाऱ्याला हे एक वाक्य पाठ करायला लावा: वर ढीग नको.

माती निघाली की खाली कुठे पाला, कुठे तुराट्या लागतात, त्याखाली किलच्या म्हणजे चिरलेल्या लाकडी पट्ट्या, मग कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, आणि तुळया. इथे काम थांबवायचं आणि तुम्ही स्वतः जायचं. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून निघा, पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा पकडा, कसंही करा. ही भेट व्हिडिओ कॉलवर होत नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन शिडी चढा. तुळईच्या मध्यभागी बघून उपयोग नाही, ती तिथे नेहमीच दणकट दिसते. भिंतीत घुसलेलं टोक बघा, कारण ओल तिथे धरते. दोन बोटं दगड मोकळा करायला लावा आणि स्क्रूड्रायव्हर दाबा. टोकच आत शिरलं तर ठीक. इंचभर लोण्यासारखं गेलं तर ती तुळई गेली. वाळवीच्या मातीच्या नळ्या असतील तर नखाने फोडा. आत पांढरे किडे वळवळले तर वाळवी अजून जिवंत आहे, कोरडी रिकामी नळी असेल तर जुनी गोष्ट. प्रत्येक तुळईवर खडूने तीनपैकी एक शेरा लिहा: राहील, टोक जोडायचं, बदलायची. नुसतं टोक कुजलं असेल तर अख्खी सागवानी तुळई फेकायची गरज नाही. लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट लावून नवं टोक जोडता येतं, किंवा भिंतीलगत लोखंडी तुळई घालून तिच्यावर जुनी टेकवता येते.

मग प्रश्न येतो, वर काय? मेस्त्री म्हणणार स्लॅब. वजनाच्या नावाखाली स्लॅबला मोडीत काढू नका. पाच इंची स्लॅब चौरस फुटाला तीस किलोच्या आतबाहेर भरतो, म्हणजे जुन्या मातीपेक्षा हलकाच. अडचण टेकणीची आहे. मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर स्लॅब नुसता ठेवला तर भिंत आणि तो एकजीव होत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरची जड छतं कशी बसली हे या भागाने पाहिलंय. स्लॅबच हवा असेल तर भिंतीच्या डोक्यावर सगळीकडून फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा किंवा आतून स्वतंत्र कॉलम, आणि तेही इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर.

मला स्वतःला दोन पर्याय पटतात. तुळया चांगल्या निघाल्या तर माळवदच ठेवा, पण हलकं: नव्या फळ्या, त्यावर चार इंचांपेक्षा जास्त नाही इतकी चाळलेली जुनी पांढरी माती, वर चुन्याचा कोबा, आणि उतार दहा फुटाला दोन इंच. मे महिन्यात त्या खोलीत झोपून बघा, मग पुन्हा स्लॅबचं नाव काढणार नाही. तुळया गेल्या असतील तर लोखंडी तुळयांवर शहाबादी फरशी. फरशी शेजारच्या कलबुर्गी भागातली, तुळई कुठल्याही स्टीलवाल्याकडची, आणि बसवणारे हात इथे भरपूर. पत्रा तात्पुरता ठीक आहे, पण राहायच्या खोलीवर नको.

सवणं, म्हणजे माळवदात उजेडासाठी ठेवलेलं भोक, बुजवू नका. तेवढ्या एका भोकातून मधल्या अंधाऱ्या खोलीला उजेड असतो. चारही बाजूंनी चार इंच कठडा उचलून वर जाड काच बसवली की पाऊसही येत नाही.

दुसरा थांबा: भिंतीचं पोट

दोन फुटी भिंत सलग दगडाची असते असं बाहेरून वाटतं. तशी ती क्वचितच असते. आत दगडांचं एक पाख, बाहेर एक पाख, आणि मध्ये माती, चिपा, खडे. वरून पाणी गेलं की मधली माती बसते, दोन्ही पाखं एकमेकांना सोडतात आणि भिंतीचं पोट सुटतं. जुन्या चांगल्या गवंड्याने मध्येमध्ये आरपार दगड घातलेले असतात. ते नसतील तर भिंत म्हणजे शेजारी उभ्या दोन भिंतीच.

पोट थोडं असेल आणि इंजिनिअर 'राहू द्या' म्हणाला, तर पाखं शिवता येतात. एक दगड आतून, त्याच्यासमोरचा एक बाहेरून काढायचा, मधली माती हाताने खरवडून आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. भारतीय मानक आय.एस. १३८२८ मध्ये आरपार दगडांचं अंतर उभ्यात ६० सेंटिमीटर आणि आडव्यात १२० सेंटिमीटरपर्यंत सांगितलंय. दगड न मिळाल्यास काँक्रीट किंवा सळईचा आकडा चालतो. अंतर म्हणजे सरळ भाषेत दोन फूट आणि चार फूट. शेजारशेजारची भोकं एकाच दिवशी पाडायची नाहीत. आणि ब्रेकर मशीन दाराच्या आत येता कामा नये. त्याच्या थरथरीने धड भागातली मातीही सुटते. छिन्नी, हातोडा, पहार एवढंच.

पोट जास्त असेल तर तेवढा पट्टा उतरवून पुन्हा रचायचा. उतरवण्याआधी दर्शनी दगडांवर रंगाने क्रमांक टाकून समोरून फोटो काढा. रचताना बघणाऱ्याने रोज एकच गोष्ट तपासायची: मधलं पोट नुसत्या मातीने भरतायत की दगड एकमेकांत अडकवून, चिपा ठोकून भरतायत. याचा फोटो भिंतीसमोरून निघत नाही. दर दोन फूट चढल्यावर वरून खाली बघत काढायचा.

फोनवरचं संभाषण साधारण असं होतं.

"साहेब, तिन्ही थर झाले. सिमेंटनं दरजा भरून घेऊ का? एकदम पॅक होतंय बघा."

"अण्णा, वरून काढलेला फोटो आला नाही अजून."

"ते काय, आत दगडच हाय की."

"असेल, अण्णा. फोटो येऊ द्या, मग पुढचा थर."

आवाज चढवायची गरज नाही. दोन-तीनदा असं झालं की फोटो न मागता येतो.

चुना, आणि सिमेंट कुठे

मातीतली भिंत ओल घेते आणि सोडते. दोन्ही बाजूंनी सिमेंट मारलं की घेतलेली ओल बाहेर निघत नाही, ती वर चढते, खार घेऊन येते, आणि दोन-तीन वर्षांत प्लास्टरचे पापुद्रे हातात येतात. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला आणि गिलाव्याला चुनाच. कळीचा चुना निदान दोन आठवडे पाण्यात मुरवायचा, गाळायचा, एकास तीन वाळू. ओलीच्या जागी थोडी सुरखी म्हणजे विटांची भुकटी. गूळ, बेलफळ, हिरडा यांवर प्रत्येक जुन्या कारागिराचं स्वतंत्र मत असतं. त्यात पडू नका, मुरवणं आणि ओलं ठेवणं याकडे बघा. गिलावा झाल्यावर निदान आठवडाभर ओली पोती टांगलेली दिसली पाहिजेत.

अख्ख्या घराला सुरुवात करण्याआधी मागच्या भिंतीवर तीन बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या आणि पंधरा दिवस सोडून द्या. भेगा पडल्या तर प्रमाण बदला. चुन्यात हात असलेला गवंडी मिळालाच नाही तर एक सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू हे मिश्रण मधला मार्ग आहे. नुसतं सिमेंट आकड्यांच्या काँक्रीटमध्ये, पट्ट्यात आणि न्हाणीत. बाहेरच्या काळ्या दगडावर गिलावा चढवूच नका. ऑइल पेंट मारलेला दगड पाहिला की मला राग येतो, पण ते माझं मत झालं.

जोतं आणि पाणी

गल्लीतला रस्ता थरावर थर चढून जोत्याच्या बरोबरीला आलेला असतो, आणि पन्हळीचं पाणी थेट भिंतीच्या पायात पडतं. हे दोन न सोडवता केलेली ओलीची औषधं वाया जातात. पन्हळी पाइपने गटारापर्यंत न्या. भिंतीभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली फरसबंदी करा, म्हणजे काळी माती भिजून फुगणार नाही. संडास-न्हाणी परसात स्वतंत्र विटांत बांधा. घरातच हवी असेल तर दगडी भिंतीपासून सुटी, आपल्या वेगळ्या भिंतीची. भिंतीत उगवलेला पिंपळ नुसता तोडून चालत नाही, मूळ उकरून काढावं लागतं.

तिसरा थांबा: वायर आणि नळ

दगडी भिंतीत झिरी पाडू देऊ नका, वायर बाहेरून पाइपातून फिरवा. पाण्याचे पाइप फरशीखाली जाणार असतील तर झाकण्याआधी रात्रभर दाबाखाली भरून ठेवायचे आणि सकाळी बघायचे. मग टेप लावून फोटो: कोणत्या भिंतीपासून किती इंचावर. हे फोटो वेगळे जपून ठेवा. अर्थिंग नवीन करा, जुन्यावर विसंबू नका. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर महावितरणकडे नाव बदलून घ्या.

रोजचं बघणं

सकाळी काम सुरू होताना एक आणि संध्याकाळी आवरल्यावर एक, असा दोन वेळचा व्हिडिओ पुरे. जागा ठरलेली, सुरुवात चौकातून, मग क्रमांकाच्या क्रमाने भिंती. दिवसभर फोन करत राहिलात तर कामही होत नाही आणि खरं सांगणंही थांबतं. ज्या फोटोत मोजमाप महत्त्वाचं आहे त्यात टेप दिसलाच पाहिजे. ठरलेलं प्रत्येक काम बोलून झाल्यावर, व्हिडिओ येतात त्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाका: 'भ ४, आकडे सहा, उद्या पहिले तीन.' मेस्त्री वाचत नसेल तर आवाजात बोलून पाठवा.

वाईट बातमीला बक्षीस द्या, म्हणजे खरोखर. "साहेब, तु ३ पण आतून गेलीय" असं कुणी आपणहून सांगितलं तर त्या आठवड्यात चहा-पाण्याचे वेगळे पैसे पाठवा. टोळीला कळतं की इथे लपवण्यात फायदा नाही.

चौथा आणि शेवटचा थांबा छतावरच्या पाण्याचा. शहाबादी किंवा स्लॅब असेल तर पन्हळी बुजवून दोन इंच पाणी दोन दिवस ठेवा आणि खालून बघा. हलक्या माळवदावर असं पाणी साठवू नका. तिथे टँकरच्या नळीने तासभर पाऊस पाडून उतार तपासा. कुठे डबकं राहतंय ते खडूने गोल करून, कोबा तिथे उचलून, पुन्हा पाणी मारा. यानंतरच गुत्त्याचे पैसे मोकळे करायचे, राखून ठेवलेले दहा टक्के सोडून.

घर पुढे बंद राहणार असेल तर शेजाऱ्याकडे किल्ली आणि वर्षाचं एक पक्कं काम ठेवा: मे अखेरीस पन्हळी साफ, छतावरची रोपटी उपटलेली, सवण्याची काच तपासलेली, आणि परतीचा पाऊस गेल्यावर सगळ्या भिंतींचा क्रमांकवार व्हिडिओ. त्याचे पैसे दसऱ्याला द्या, घरपट्टीबरोबर.